निरीक्षणाची वही : नैराश्यावरील औषधे आणि त्यांचे दुष्परिणाम



या व्याख्यानमालेत आजवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी विद्वान नव्हे. याच शाळेत शिकलो आणि पुढे चाळीस वर्षे याच इंदूर शहरात औषधांचे दुकान चालवले, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे निमंत्रण आले तेव्हा मी नाही म्हणणार होतो. परंतु सरांच्या नावाने उभ्या असलेल्या या व्यासपीठावर मला एक जुने ऋण मान्य करायचे आहे, आणि ते मान्य करण्यासाठी दुसरी योग्य जागा मला दिसत नाही. म्हणून आलो.

सर आम्हाला रसायनशास्त्र शिकवीत. प्रयोगशाळेत क्षार ओळखण्याचा तास होता. माझ्या वाट्याला आलेल्या बाटलीवरचे अर्धवट पुसलेले नाव मी वाचले होते. तो पोटॅशियमचा क्षार होता. पुस्तकात लिहिले होते, ज्योत जांभळट दिसते. मी वहीत तसे लिहून मोकळा झालो. सर शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी मला शून्य गुण दिले आणि म्हणाले, "ज्योत पिवळी होती. तू पुस्तकाला विचारलेस, ज्योतीला विचारले नाहीस." क्षारात सोडियमचा अंश मिसळला असला तर त्याचा पिवळा रंग पोटॅशियमचा जांभळा रंग झाकून टाकतो, निळ्या काचेतून पाहिले म्हणजे तो दिसतो. ते त्यांनी मला मागाहून दाखवले. परंतु आधी 'पिवळी' असे प्रामाणिकपणे लिहायला हवे होते, हा त्यांचा आग्रह. निरीक्षण आधी, अनुमान नंतर.

आजच्या माझ्या विषयाचे सारे सूत्र या एका प्रसंगात आहे. विषय आहे नैराश्यावरील औषधांचे दुष्परिणाम आणि ते सोसताना माणसाने काय करावे.

मित्रहो, आता जे सांगणार आहे ते सरांच्या कन्येची अनुमती घेऊनच सांगतो. १९९७ सालच्या उन्हाळ्यात सर माझ्या दुकानात आले. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षे झाली होती. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. तीवर ॲमिट्रिप्टिलीन या गोळ्यांचे नाव होते. सर हळू आवाजात म्हणाले, "अरे, तोंड इतके कोरडे पडते की बोलताना जीभ टाळूला चिकटते. उठलो की भोवळ येते. ही गोळी चालूच ठेवायची ना?"

दुकानात गर्दी होती. शिवाय आपल्या सरांना 'त्या' गोळ्या लागतात, हे माझ्या मनाला सहन झाले नाही. मी म्हणालो, "सर, तुमच्यासारख्यांना या गोळ्या कशाला? तुमचा मनोनिग्रह केवढा! सोडून द्या. यांची सवय लागते." मोजून चार वाक्ये. त्यांतले एकही बोलण्याचा मला अधिकार नव्हता, आणि शेवटचे तर खोटेच होते.

सरांनी दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या. दीड-दोन महिन्यांत ते घराबाहेर पडेनासे झाले. ज्यांच्या आवाजाने प्रयोगशाळेतल्या काचा थरथरत, ते सर आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी औषध अगदी थोड्या मात्रेने, रात्री झोपताना सुरू करून सावकाश वाढवले आणि सर बरे झाले. त्यांनी मला कधीही दोष दिला नाही. आणि त्यांचे ते आठ महिने माझ्या चार वाक्यांतून सुरू झाले, हे समजून घेण्याचे धैर्य मलाही पुढची तेरा वर्षे झाले नाही.

२०१० साली माझी पाळी आली. पहाटे तीन वाजता जाग येई आणि छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखे वाटे. सराफ्यात मित्रांबरोबर गेलो तरी समोरचा गराडू आणि कागदाचा कपटा यांत चवीला फरक वाटेना. डॉक्टरांनी एसिटॅलोप्राम लिहून दिले. मी स्वतःच्याच फडताळातून पट्टी काढून घेतली, आणि दुकानातल्या मुलाला कळू नये म्हणून तिची नोंद वहीत केली नाही. चाळीस वर्षांच्या व्यवसायातली ही माझी एकच खोटी नोंद. किंवा न केलेली नोंद म्हणा.

पहिल्या आठवड्यात सकाळचे पोहे समोर आले की मळमळू लागे. हात थरथरत, रात्री घामाने उशी भिजे. तिसऱ्या आठवड्यात मळमळ थांबली, मन थोडे हलके झाले. पण दांपत्यजीवनात असा एक अडथळा आला की तो डॉक्टरांना सांगणे मला लाजिरवाणे वाटले. म्हणून मी कोणालाही न विचारता गोळी बंद केली. तीन दिवसांनी दुकानातल्या शिडीवर उभा असताना डोक्यात विजेचा झटका बसावा तसे झाले, तोल गेला, खाली आलो. वाटले, रोग बळावला. तो रोग नव्हता. एकाएकी औषध तोडल्याचा तो परिणाम होता. खरा रोग परतला तो दीड महिन्याने.

त्या दिवसांत एका संध्याकाळी सर माझ्या घरी आले. पंचाहत्तरी उलटलेली, हातात काठी. त्यांनी काही उपदेश केला नाही. पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या वेळी औषध सुरू झाल्यापासून त्यांनी लिहिलेली ती वही होती. प्रयोगवहीसारखे रकाने आखलेले: तारीख, गोळी किती वाजता घेतली, काय जाणवले, किती वेळ टिकले, त्या दिवशी आणखी काय घडले. सर म्हणाले, "मी पहिल्या खेपेला काही लिहिले नव्हते. नुसते अनुमान काढले की हे औषध मला सोसत नाही. तू तरी ज्योत पाहून लिही."

मी लिहू लागलो. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि जे तोंडाने सांगता येत नव्हते ते पान त्यांच्यापुढे उघडले. त्यांनी एक औषध हळूहळू कमी करून दुसरे सुरू केले. त्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत मी माणसांत आलो.

आता थोडे या औषधांविषयी. आपण 'दुष्परिणाम' हा शब्द तिरस्काराने उच्चारतो. पण नैराश्यावरचे पहिले औषधच मुळी एका दुष्परिणामातून सापडले. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देण्यात येत होते. फुप्फुसे सुधारण्याआधीच खिन्न पडून असलेले रोगी उठून हसू-बोलू लागले. क्षयाच्या दृष्टीने तो अनपेक्षित परिणाम होता. कोणी तरी तो लिहून ठेवला, म्हणून १९५७ पासून ते औषध नैराश्यावर वापरले जाऊ लागले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील रोलंड कून यांनी इमिप्रामीनचा गुण ओळखला. ते औषध त्यांच्या हाती आले होते वेगळ्याच मनोविकारासाठी. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला मान्यता मिळाली आणि आज ज्यांचा वापर सर्वाधिक होतो त्या गोळ्यांचे युग सुरू झाले.

आमच्या व्यवसायाला भूषण वाटावी अशी एक कथाही या इतिहासात आहे. इप्रोनियाझिडच्या कुळातली औषधे घेणाऱ्या काहींना अकस्मात भयंकर डोकेदुखी होई, रक्तदाब चढे, काही दगावलेही. कारण उमगत नव्हते. १९६३ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या एका औषधविक्रेत्याने लंडनचे तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल यांना पत्र लिहिले: माझी पत्नी हे औषध घेते, आणि चीज खाल्ले की तिचे डोके असेच दुखते. प्रथम कोणाला ते पटले नाही. पुढे सिद्ध झाले की मुरवलेल्या चीजमधील टायरामीन या द्रव्याचा त्या औषधाशी संयोग घातक ठरतो. एका दुकानदाराने बायकोचे म्हणणे ऐकले आणि लिहून कळवले, त्यातून पुढे कितीतरी जीव वाचले. मी मात्र माझ्या सरांचे म्हणणे ऐकले नव्हते.

या औषधांचे त्रास होतात तरी का? आपण समजतो की मनाचे औषध फक्त मेंदूत जाते. गोळीला मेंदूचा पत्ता ठाऊक नसतो. ती रक्तावाटे सर्वत्र जाते. सेरोटोनिन या ज्या द्रव्यावर आजची बहुतेक औषधे काम करतात, त्याचा सुमारे नऊ-दशांश साठा आपल्या आतड्यात असतो. म्हणून पहिली तक्रार पोटाची: मळमळ, पातळ शौच. जुन्या गोळ्या लाळग्रंथी, आतडे, मूत्राशय यांच्या नसांनाही अडवतात. म्हणून कोरडे तोंड, बद्धकोष्ठ, लघवी अडखळणे, उभे राहताना रक्तदाब उतरणे. सरांची जीभ टाळूला का चिकटत होती, हे कोणत्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले होते. मी ते वाचलेही होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्रास पहिल्या दिवसापासून होतो आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बोरीचे काटे आधी टोचतात, बोरे मागाहून पिकतात. आधीच खचलेल्या माणसाला या मधल्या दिवसांत वाटते की औषधाने आपली अवस्था अधिक बिघडली. बहुतेक जण औषध सोडतात ते याच वळणावर, आणि सोडतात ते कोणाला न सांगता. हे दिवस पुढे येणार आहेत, इतके जरी कोणी आधी सांगितले, तरी ते ओलांडता येतात.

ओलांडण्याचे उपाय साधे आहेत. मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी, थोडे थोडे खावे; बहुधा एक-दोन आठवड्यांत हा त्रास ओसरतो. गोळीने झोप उडत असेल तर ती सकाळी आणि झोप येत असेल तर रात्री घेता येते. परंतु वेळ बदलताना डॉक्टरांना विचारावे. तोंड कोरडे पडत असेल तर घोट घोट पाणी प्यावे, आणि दातांची निगा अधिक राखावी, कारण लाळ कमी झाली की दात किडतात. आपल्या माळव्याच्या उन्हाळ्यात हे विशेष जपावे. भोवळ येत असेल तर अंथरुणातून एकदम उठू नये. आधी काठावर बसावे, मग उभे राहावे. काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढते. तेव्हा सुरुवातीलाच वजन करून लिहून ठेवावे. एखादी गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. मद्य टाळावे. औषध आपल्याला कसे मानवते हे कळेपर्यंत वाहन जपून चालवावे.

जे त्रास आपोआप ओसरत नाहीत त्यांत दांपत्यजीवनातला अडथळा मुख्य आहे. तो अनेकांना होतो आणि थोडेच जण सांगतात. स्त्रियांना तर तो विचारलाही जात नाही. मात्रा बदलून किंवा औषध बदलून त्यावर तोडगा निघू शकतो. पण न सांगितलेल्या दुखण्यावर डॉक्टर काय करणार?

काही लक्षणे मात्र वहीत लिहून थांबण्याची नव्हेत. त्यांसाठी तत्काळ डॉक्टर गाठावा. प्रचंड अस्वस्थता, ताप, स्नायूंना झटके आणि गोंधळलेपण एकत्र दिसणे, विशेषतः ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी सोबत घेतली असताना. वृद्ध माणसाला, त्यातही लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असताना, एकाएकी भ्रम होणे. रक्तातील सोडियम उतरल्याची ती खूण असू शकते. ॲस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर रक्तस्राव होणे. जुन्या कुळातील गोळ्या घेताना लघवी पूर्ण अडणे, डोळा लाल होऊन दुखणे किंवा छातीत धडधडणे. खिन्न माणूस एकाएकी अतिउत्साही होऊन झोपेविना राहू लागला, पैसे उधळू लागला, तर तेही बरे झाल्याचे लक्षण समजू नये. आणि तरुण मुलांच्या बाबतीत पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून जपावे. मुले आणि किशोर यांच्यात आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली या औषधांवर छापावयास लावला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नव्हे. त्यांना औषधाबरोबर एकटे सोडू नये, असा आहे.

आता माझ्या त्या खोट्या वाक्याविषयी: 'यांची सवय लागते.' दारूची लागते तशी सवय या गोळ्यांची लागत नाही. त्यांची तल्लफ येत नाही, मात्रा चढवत न्यावीशी वाटत नाही. पुष्कळदा याच चिठ्ठीवर झोपेची किंवा घबराटीची, अल्प्राझोलाम अथवा क्लोनाझेपाम यांसारखी गोळीही असते. तिची सवय लागू शकते. लोक दोन्हींची गल्लत करतात. मात्र नैराश्याच्या गोळ्यांना शरीर सरावते हे खरे. त्या एकाएकी तोडल्या तर भोवळ, डोक्यात झटके, चिडचिड, विचित्र स्वप्ने असे त्रास होतात. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांसारखी लवकर उतरणारी औषधे सोडताना ते अधिक जाणवतात, सावकाश उतरणाऱ्या फ्लुऑक्सेटिनमध्ये कमी. म्हणून औषध पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायचे असते. पायऱ्या किती आणि किती महिन्यांत, हे प्रत्येकाचे वेगळे असते.

आणि ही औषधे जन्मभराचीच असतात, असेही नाही. २०२१ साली इंग्लंडमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या ४७८ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांनी औषध चालू ठेवले त्यांच्यापैकी वर्षभरात शेकडा ३९ जणांना नैराश्य परतले; ज्यांचे टप्प्याटप्प्याने थांबवले त्यांच्यापैकी शेकडा ५६ जणांना. म्हणजे थांबवण्यात धोका आहेच, पण थांबवूनही बरे राहिलेले शेकडा ४४ आहेत. औषध थांबवण्याचा विचार हा अपराध नव्हे. तो विचार चोरून अमलात आणणे घातक आहे. नैराश्य सौम्य असेल तर केवळ समुपदेशनानेही पुष्कळांना उतार पडतो, हेही सांगितले पाहिजे.

हे सारे चोरून का होते? आमच्या लहानपणी इंदुरात कोणाची थट्टा करायची तर बाणगंगेचे नाव घेत. कारण तेथे मनोरुग्णांचे रुग्णालय. ती थट्टा आपल्या हाडांत शिरली आहे. २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत जे सर्वेक्षण केले, त्यात आपला मध्यप्रदेशही होता. सुमारे दर वीस माणसांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य येते, असे त्यात दिसून आले. या सभागृहात आपण दोनशे जण असू, तर हिशेब आपणच करावा.

म्हणून मी तीन मागण्या करतो. माझ्या व्यवसायबंधूंना: गिऱ्हाईक गोळीविषयी काही विचारील तेव्हा आपले मत देऊ नका, "डॉक्टरांना हे सांगितलेत का?" एवढे विचारा, आणि जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे पट्ट्या देत राहू नका. घरच्या मंडळींना: "अजून त्या गोळ्या चालूच का?" असे न म्हणता "आज कसे वाटले?" असे विचारा. आणि जो औषध घेत आहे त्याला: त्रास सोसत गप्प बसू नका, त्रासामुळे गुपचूप सोडूही नका. लिहा आणि दाखवा. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल आणि मन फार खचले असेल, तर २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर बोला.

सरांची ती वही आज मी सोबत आणली आहे. कार्यक्रमानंतर ती त्यांच्या कन्येकडे परत जाईल. पहिल्या पानावर लिहिले आहे: 'तोंड कोरडे. सकाळपासून चार तांबे पाणी. बोलणे नको वाटते.' पुढे दिवसागणिक नोंदी आखूड होत जातात. 'भोवळ, पूर्वीपेक्षा कमी.' 'मुलीशी बोललो.' 'रामबागेपर्यंत चालत गेलो.' शेवटच्या नोंदीत तारखेपुढे एकच ओळ आहे: 'आज लिहिण्यासारखे काही नाही.'

प्रयोगवहीत असे वाक्य लिहिले असते तर सरांनी मला पुन्हा शून्य दिले असते. पण ते त्यांचे स्वतःचे निरीक्षण आहे, आणि ते खरे आहे, याची साक्ष त्यांच्या पुढल्या वर्षांनी दिली.

सर, १९९७ साली तुम्ही मला प्रश्न विचारला होतात. त्याचे उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. ते आज आपल्या सर्वांसमोर दिले.